शेवटच्या नंबराचं दूरक्षेत्र

पोलिसांना सगळं जग घाबरतं आणि पोलीस मला घाबरायचे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडीशी बढाई आहेच, आता निवृत्त झाल्यावर तेवढी चालून जाईल. मी वर्दीतली बाई नव्हे. कमरेला पट्टा नाही, हातात काठी नाही. खांद्याला एक कापडी पिशवी आणि पिशवीत लाल शाईचं पेन. आमच्या जिल्ह्याच्या पोलीस दलाचा खर्च नीट होतो का आणि खर्चाच्या मानानं काम होतं का, हे तपासायचं माझं काम. नाशिकहून निघायचं, ठाणं गाठायचं, दप्तर मागायचं आणि प्रश्न विचारत सुटायचं. नोकरीभर मी प्रश्न विचारण्याचाच पगार खाल्ला.

माझे मिस्टर ओझरच्या विमान कारखान्यात होते. ते म्हणायचे, आमच्याकडे विमानाचा स्क्रू तपासतात, तुमच्याकडे हवालदाराचा. मी म्हणायची, तुमचा स्क्रू निदान खोटं बोलत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं पोलीस तपासणी म्हणजे बंदुका मोजणं. बंदुका मोजणारे वेगळे. माझ्याकडे यायची पेट्रोलची वही, गाड्यांच्या टायरची बिलं, बंदोबस्ताच्या चहा-नाश्त्याची बिलं आणि श्वानपथकाचा खुराक. एकदा एका कुत्र्याच्या खुराकावर मी आक्षेप काढला. कुत्रा महिनाभर आजारी रजेवर आणि मटण नेहमीपेक्षा जास्त, हे कसं? त्याचा हवालदार गंभीर चेहऱ्यानं म्हणाला की आजारपणात त्याला भूक फार लागते. मी म्हटलं, आरोपीला हजर करा. कुत्रा आला, टेबलावरच्या फाइली हुंगत गेला आणि बरोबर एका फाइलीपुढं बैठक मारून बसला. सगळी शाखा माझ्याकडं बघायला लागली. त्या फाइलीवर सकाळी माझाच डबा सांडला होता. आक्षेप मी मागं घेतला नाही, पण त्या दिवसापासून डबा दुसऱ्या टेबलावर खायला लागले.

आम्ही येणार ही बातमी आमच्या आधी पोचायची. कितीही गुपचूप निघा, ठाण्याच्या फाटकापाशी दगडांना ताजा गेरू आणि चुना लागलेला असायचा. झाडांचे बुंधेसुद्धा लाल-पांढरे. पोलिसांची ही खास रीत: तपासणी आली की आधी दगड रंगवायचे, मग दप्तर. एका ठाण्यात तर मी घाईत टेकायला गेले आणि नव्या साडीवर पांढरा पट्टा घेऊन परतले. रंग ओला असला की मी समजायची, निरोप आजच पोचलाय. रंग वाळलेला असला तर ठाणेदार हुशार आहे.

पैशाचं तपासणं त्यामानानं सोपं. बिल खरं असतं नाहीतर खोटं असतं. अवघड असतं ते काम मोजणं. समजा एका ठाण्यात गेल्या वर्षी चाळीस चोऱ्या नोंदल्या आणि यंदा दहा. आता पोलीस चांगले झाले की आळशी झाले? चोर गेले, की चोरी झालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं? आकडा तोच, त्याचे अर्थ दोन. नवखी असताना मी आकड्यावर विश्वास ठेवायची. पुढं शहाणी झाले असं मला वाटत होतं. ते कितपत खरं होतं, ते आता सांगते, कारण हा लेख लिहायला बसलेय ती त्याचसाठी.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत जिल्ह्याला नवे साहेब आले. तरुण, इंजिनीयर झालेले, बोलणं कमी आणि प्रश्न नेमके. त्यांनी ठरवलं की जिल्ह्यातल्या सगळ्या दूरक्षेत्रांचं मोजमाप करायचं. दूरक्षेत्र म्हणजे मोठ्या ठाण्याची छोटी चौकी. ठाणं तालुक्याला, चौकी लांबच्या गावात, तिथं एक हवालदार, एखादा शिपाई, दोन खोल्या आणि एक सरकारी मोटारसायकल. माणसं अपुरी होती. जी दूरक्षेत्रं काही कामाची नाहीत ती बंद करून माणसं ठाण्याला घ्यायची, असा बेत. बेतात चूक काही नव्हती, आणि तक्ता करायचं काम माझ्याकडं आलं.

मी झकास तक्ता केला. प्रत्येक चौकीचा पगार, पेट्रोल, वीज, दुरुस्ती एका बाजूला. गुन्हे, समन्स, गस्ती, इतर कामगिरी दुसऱ्या बाजूला. आणि शेवटच्या रकान्यात, एका कामामागं किती खर्च. त्यात सगळ्यात खाली, शेवटच्या नंबरावर आलं येवल्याच्या पलीकडचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आवडायचं नाही. त्यांचा दर महिन्याचा अहवाल मी काढून बघितला. गुन्हे निरंक, अटक निरंक, इतर कामगिरी निरंक. निरंक म्हणजे सरकारी भाषेत शून्य. वर्षानुवर्षं नुसतं निरंक, निरंक. पेट्रोल मात्र भरपूर. मी त्या नावापुढं माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं: बंद करावे. चहा प्यायले आणि पुढच्या कामाला लागले.

नियम असा की अशी शिफारस करण्याआधी जागेवर जाऊन एकदा बघायचं. म्हणून मी गेले. येवल्यापर्यंत एसटीनं, पुढं ठाण्याच्या जीपनं. गावात शिरले तर बाजाराचा दिवस. चौकीच्या दारात लिंबाचं झाड, आणि दगडांना रंगाचा ठिपका नाही. मला जरा बरंच वाटलं. आत सोनवणे हवालदार बसले होते. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेलं, मिशी पांढरी, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. मला बघून उठले, खुर्ची पुसली आणि म्हणाले, बसा मॅडम, तुम्ही याल असं वाटलंच होतं. मी विचारलं, मग दगड का नाही रंगवले? तर म्हणाले की चुना होता, पण शाळेच्या भिंतीला दिला.

मी दप्तर मागितलं. तेवढ्यात दोन भाऊ भांडत आत आले. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून थोरल्यानं धाकट्याची मोटर बंद केली होती. मी बाकावर बसून बघत होते. सोनवण्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, आधी धाकट्याला बोलू दिलं, मग थोरल्याला. मग दोघांच्या आईला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून दिला. म्हातारीनं जे काही सुनावलं ते मला इथं छापता येणार नाही. पाच मिनिटांत दोघं मान खाली घालून निघून गेले, थोरला जाताना धाकट्याच्या मोटारसायकलवर मागं बसला.

मी विचारलं, याची नोंद कुठं? नोंद नाही. का नाही? सोनवणे माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माझी कीव आली असावी.

“मॅडम, लिवलं की त्याचा गुन्हा होतो. नाय लिवलं की भांडणच राहतं. भांडण मिटतं, गुन्हा मिटत नाय.”

वाक्य छानच आहे, पण माझी नोकरी असली वाक्यं ऐकून विरघळायची नव्हती. न नोंदवणं हा खात्याचा जुना रोग, त्याच्या नावाखाली काय काय दडपलं जातं ते मी पाहिलेलं. म्हणून मी सरळ बाजारात गेले. भाजीवाल्या बायका, पैठणी विणणारी दोन घरं, बांगड्यांची गाडी लावणारी सलमाबी, सगळ्यांना विचारत फिरले: कधी तक्रार घेऊन गेलात आणि परत पाठवलं असं झालं का? सलमाबीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि उलट विचारलं की तुम्ही जमादारांची, म्हणजे सोनवण्यांची, बदली करायला आलात का? तिचा भाचा मारहाणीत सापडला होता, तेव्हा याच जमादारानं त्याला स्वतः ठाण्यात नेऊन गुन्हा दाखल करवला होता. तरीही ती त्यांच्या बाजूनं भांडत होती. मी चौकीत परत येऊन ठाण्याला फोन लावला आणि पडताळलं. खरंच होतं. चोरी, मारामारी, बायकांना त्रास, असलं एकही प्रकरण सोनवण्यांनी परस्पर मिटवलं नव्हतं. ते सगळं ठाण्यात नोंदलं होतं. आणि तिथंच माझ्या तक्त्याची गोची होती: गुन्हा दाखल होतो ठाण्यात, म्हणून तो आकडा ठाण्याच्या नावावर जातो. चौकीच्या नावावर उरतं शून्य. इतकी वर्षं या खात्यात काढून हे माझ्या ध्यानात येऊ नये, धन्य माझी.

पण ‘इतर कामगिरी’चा रकाना तरी? तो भरायला कुणी हात धरला होता? सोनवण्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, पहिल्या वर्षी एका महिन्यात लिहिलं होतं, तंटे मिटवले सात. पुढच्या महिन्यात पाच झाले, तर ठाण्यातून विचारणा आली, दोन कमी का? त्याच्या पुढच्या महिन्यात अकरा झाले, तर विचारणा आली, हद्दीत तंटे का वाढले, शांतता का बिघडली? तेव्हापासून निरंक. निरंकला कुणी काही विचारत नाही. ही चूक फक्त पोलीसच करू शकतो. दुसरा कुणी काम केलं की दाखवतो. हा काम केलं की लपवतो, वरून प्रश्न येऊ नये म्हणून.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की कागदावर ही चौकी बंद होतेय, आणि तसं मीच लिहिलंय. ते म्हणाले, माझं काय मॅडम, चौकी मोडली तर मला नाशिकच्या एखाद्या ठाण्यात घेतील, घर तिथंच हाय, बायको देवीला खण-नारळ देईल. पण इथून ठाणं तीस किलोमीटर. बाई माणसाला नवऱ्यानं मारलं तर ती एसटीची वाट बघत बसणार का? एसटी दिवसातून दोनदा. एवढं बोलून ते बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मला माझ्या सुरेख अक्षराचा राग आला.

आता माझी परीक्षा. हा माणूस चांगला आहे असं मी साहेबांना सांगू शकत नव्हते. लेखा शाखेत ‘चांगला’ हा शब्द चालत नाही, पुरावा लागतो. पुरावा तर त्यानं स्वतःच पुसून टाकलेला. जाता जाता सवयीनं मी मोटारसायकलचं लॉगबुक मागितलं. गाडी कुठून कुठं गेली, किती किलोमीटर आणि कशासाठी, हे त्यात लिहायचं असतं. सगळे जण ‘कशासाठी’च्या जागी एकच शब्द लिहितात: गस्त. मी वही उघडली आणि उभीच्या उभी राहिले.

‘बाजारतळ. कोंबडा चोरीला. कोंबडा शेजाऱ्याच्या छपरावर सापडला, स्वतःहून गेला होता. कि.मी. ४.’ ‘वस्तीवर सासू-सून. सुनेचं बरोबर. सासूला तसं बोललो नाही. कि.मी. ६.’ ‘लग्नात दोन डीजे समोरासमोर. एक बंद केला. जेवायचा आग्रह झाला, जेवलो. कि.मी. ९.’ ‘गिऱ्हाईक पैठणी घेऊन पैसे न देता गेलं. येवला स्टँडवर गाठलं. म्हणे विसरलो. पैसे दिले. आम्ही पण विसरलो. कि.मी. ६२.’ पानामागून पान. अशा आठ वह्या निघाल्या कपाटातून. मी विचारलं, अहो, एवढं सगळं इथं का लिहिलंत?

सोनवणे चाचरत म्हणाले, “तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम.”

झालं होतं असं, की पुष्कळ वर्षांपूर्वी एका ठाण्यात मी त्यांच्या लॉगबुकवर आक्षेप काढला होता: ‘प्रवासाचे कारण संदिग्ध.’ नुसतं गस्त लिहिलेलं मी मान्य केलं नाही आणि पेट्रोलचे पैसे त्यांच्या पगारातून कापायला लावले. मला काडीचंही आठवत नव्हतं. असे आक्षेप मी दिवसाला दहा काढायची. या माणसानं मात्र धडा घेतला तो कायमचा: अहवालात काही लिहायचं नाही, आणि पेट्रोलच्या वहीत काही सोडायचं नाही. कापलेल्या पैशांबद्दल मला त्या क्षणी लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या आक्षेपाचा अभिमानही वाटला. आठही वह्या मी पिशवीत भरल्या. येवल्यापर्यंत जीपमध्ये वाचत गेले आणि एकटीच हसत होते. ड्रायव्हरला वाटलं असेल, मॅडमना ऊन लागलं.

बैठक नाशिकला साहेबांच्या दालनात झाली. ज्यांच्या चौक्या बंद होणार होत्या ते हवालदारही बोलावले होते, भिंतीला ओळीनं उभे. सोनवणे टोकाला. साहेबांनी तक्ता उघडला आणि शेवटच्या नंबरापासूनच सुरुवात केली. इथं तर प्रश्नच नाही, म्हणाले, मॅडम, तुमचीच शिफारस आहे.

मी उठले. म्हटलं, सर, शिफारस माझीच आहे आणि ती चुकीची आहे. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य भर बैठकीत बोलले. मग गुन्हे ठाण्याच्या नावावर कसे जातात ते समजावलं, निरंकची हकिकत सांगितली आणि परवानगी घेऊन लॉगबुक वाचायला लागले. कोंबड्याला कुणी हसलं नाही. सासू-सुनेला साहेबांच्या तोंडाचा कोपरा हलला. डीजेच्या नोंदीला सगळं दालन खदखदलं, आणि भिंतीपाशी सोनवणे सोडून सगळे हवालदार हसत होते. मला जोर चढला. हसू ऐन भरात असताना मी पान उलटलं आणि पुढची नोंद न बघताच वाचायला घेतली.

‘शिवारातली विहीर. बाई कठड्यावर बसलेली. आपणपण बसलो. अडीच तास. उठली. माहेरी सोडली, हद्दीबाहेर. सोबत गावातली एक म्हातारी घेतली, म्हणून तिघं एका गाडीवर. चूक मान्य. जाऊन येऊन कि.मी. ४४.’

दालनात पंख्याचा आवाज येत होता. साहेबांनी हात पुढं केला, मी वही दिली. त्यांनी ती नोंद पुन्हा वाचली. मग सोनवण्यांकडं बघून विचारलं, “बाईचं नाव विचारलं नाहीत?”

“नाही सर.” सोनवणे ताठ उभे होते. “विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं. लिहिलं असतं तर ठाण्यात आणावं लागलं असतं. चार लोकांत झालं असतं. मग ती परत जाऊन बसली असती.”

साहेबांनी आपलं पेन काढलं, माझ्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि पुढं लिहिलं: कायम. बाकीच्या चौक्यांचा निर्णय त्यांनी पुढं ढकलला आणि मला सांगितलं की आधी सगळ्यांची लॉगबुकं वाचून या. पुढचे तीन महिने मी तेच करत होते. बहुतेकांत ‘गस्त’ होतं, तीन चौक्या बंदही झाल्या आणि त्या झाल्या ते बरोबरच झालं. पण ते तीन महिने म्हणजे माझ्या नोकरीतला सगळ्यात मजेचा काळ.

त्या दिवशी बैठक सुटल्यावर सोनवणे बाहेर व्हरांड्यात थांबले होते. चेहरा असा फुललेला की निवृत्तीला उरलेली दोन वर्षं कुणी वीस करून दिल्यासारखा. बायकोला आता काय सांगू, ती नारळ आणून बसलीय, एवढीच काळजी त्यांना होती. आम्ही कॅन्टीनला चहा घेतला. चहा पिता पिता मी म्हटलं, सोनवणे, एक रुखरुख राहिली. त्या बाईचं पुढं काय झालं, हे तुम्हाला कधीच कळायचं नाही ना?

सोनवणे मिशीत हसले. इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

“कळतं की मॅडम. दर दिवाळीला फराळाचा डबा येतो तिच्याकडनं. पोरगी येते घेऊन. शंकरपाळे जरा कडक असतात, बाकी चिवडा एक नंबर.”

मी कप खाली ठेवला. म्हटलं, म्हणजे नाव माहीत आहे तुम्हाला. साहेबांपुढं खोटं बोललात?

“खोटं कुठं बोललो? साहेबांनी इचारलं, नाव इचारलं का. मी नाय इचारलं. तिनं आपसूक सांगितलं.”

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे शिपाई वळून बघायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं. पिशवीत लाल पेन होतं, आठ वह्या होत्या, आणि नोकरीभरची सवय जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. सोनवणे माझ्याकडं जरा भीतच बघत होते.

नाव मीही विचारलं नाही.